सोड्यांची चिठ्ठी

सालवड, ९ जानेवारी २०२५

रूपाली,

आशीर्वाद लिहिणार होते, पण तू ते घेशील की नाही कोण जाणे, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तू माझा नंबर बंद करून टाकलास. फोन लावला की ती बाई गोड आवाजात काहीतरी सांगते आणि मी तिचं सगळं ऐकून घेते, मध्येच फोन ठेवत नाही. शेवटी वहीच काढली. सातवीपर्यंत शिकले होते. लग्नानंतर पाथर्डीला आईला दोन-चार पत्रं लिहिली, त्यानंतर थेट हे.

हिरूबाय मासळीवाली म्हणाली की तू पालघरला आहेस. कुठं, ते काही सांगेना. "हाय बरी. काय लिवायचं ते लिव, मी नेऊन देते," एवढंच. ती आठवड्यातून दोनदा पालघरच्या बाजारात बसते ना. तुझा ठावठिकाणा तिला कसा, असा प्रश्न पडला होता. मग आठवलं, तिचा भाचा निमेश तिथं वकिलाकडे कारकून आहे. असो. तर हे पत्र तिच्या पाटीतून येईल. माळकरणीच्या पत्राला बोंबलाचा वास लागला तर नाक मुरडू नकोस, माझा इलाज नाही.

इकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला कमी आहे. तुझ्या दाराला कुलूप आहे आणि कुलपाखाली कुणीतरी विजेचं बिल अडकवलंय, ते मी काढून ठेवलं. दुपारी चाळ अगदी गप्प होते. कंपन्यांचा तो एकसुरी घूं आवाज तेवढा चालू असतो, आणि पश्चिमेचा वारा सुटला की त्यात खारट वास मिसळतो. मग मला बसल्याबसल्या डोळा लागतो. काल स्वप्नात आपली चाळ पाण्यावर निघाली होती. अकराच्या अकरा खोल्या, एकामागे एक, हळूहळू. तू तुझ्या उंबऱ्यावर पाण्यात पाय सोडून तांदूळ निवडत होतीस. मी हाक मारत होते आणि आवाज फुटत नव्हता. जागी झाले तर तोंडाला कोरड.

लोकांचं म्हणशील तर लोक बोलणारच. रूपालीला सोडचिठ्ठी आली, डिसेंबरात तुझे दिग्विजयराव गुजरातेतल्या दहेजहून आले आणि त्याच संध्याकाळी कामावर परत गेले, तिसऱ्या दिवशी तू बॅग घेऊन निघालीस. एवढं लोकांनी पाहिलं, बाकीचं रचलं. पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं ते देव जाणे. भिंतींना कान असतात म्हणतात, आपल्या चाळीच्या भिंतींना तोंडंही आहेत. मी आपली सगळ्यांना दटावत असते.

जाताना तू माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. सहा वर्षं तू माझ्या हातची भाकरी खाल्लीस, तुझ्या तापात मी उशाशी बसले. मी तुझं काय वाईट केलं, तेवढं कळव.

झुंबरकाकू


सालवड, २१ जानेवारी

रूपाली,

पत्र तुला पोचलं, असं हिरूबाय म्हणाली. वाचलंस का विचारलं तर म्हणाली, घेतलं आणि घडी करून ठेवलं. ती काही जास्त बोलत नाही, आणि ज्यांना जास्त बोलता येत नाही अशा माणसांपुढे मला फार अवघडायला होतं.

काल ह्यांनी विचारलं, "उत्तर आलं का?" मी म्हटलं, नाही. आमचे पुंजाराम म्हणजे महिन्यातून एकदा बोलणार आणि ते नेमकं वर्मी लागणार. पेपराचं पान उलटत म्हणाले, "खरं लिहिलं होतंस का?" मी म्हटलं, खोटं काय लिहिलं? तर म्हणाले, "मग येईल उत्तर." दिवसभर तेच डोक्यात. म्हणून आता लिहिते.

एका बाईला मी सांगितलं होतं. एकाच.

झालं असं. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारची वेळ, तू गिरणीत दळण आणायला गेलेली. माझ्याकडे कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या. हिरूबाय पाटी डोक्यावर घेऊन जाता जाता माझ्या दारासमोरून ओरडली की रूपालीला सांग, तिची सोडचिठ्ठी आणलीय, संध्याकाळी देते. मी दारात येईपर्यंत ती नळापाशी पोचलेली. माझी तव्यावरची पोळी करपून काळी झाली.

मग बसल्या जागी मी सगळं जुळवलं. निमेश वकिलाकडे. कोर्टकचेरी पालघरला. नवरा महिना महिना दहेजला. डाकेनं कागद आला तर चाळ बघणार, म्हणून मावशीच्या पाटीतून पाठवलेला. माझं गणित नेहमी लवकर सुटतं. शाळेतही मी उत्तर आधी लिहायची आणि रीत नंतर.

संध्याकाळी तुझ्याकडे आले तर तुझ्या हातात घडी घातलेला कागद. मला पाहून तू तो कमरेला खोचलास. मी म्हटलं, "चिठ्ठी आली म्हणे." तुझा चेहरा पांढराफटक पडला. तू माझा हात धरून म्हणालीस, "काकू, तुमच्या माळेची शपथ आहे, कुणाला सांगू नका. सासूबाईंना कळलं तर उंबरा ओलांडू द्यायच्या नाहीत." याहून अधिक कुणाला काय विचारायचं? मी माळेला हात लावला आणि शपथ घेतली. तीन दिवस पाळली. चौथ्या दिवशी नळावर कैलासच्या आईला सांगितलं, तिला माझ्याहून मोठी शपथ घालून. तिचं माहेर तुझ्या सासरच्या शिवेला लागून आहे, हे मला ठाऊक होतं का? होतं. त्या घडीला आठवलं नाही. की आठवलं होतं? आता मलाही सांगता येत नाही.

आणि भिंतीचंही सांगून टाकते. दिग्विजयराव आले त्या संध्याकाळी मी मुद्दाम ऐकत नव्हते. पण आपल्यामधली भिंत म्हणजे नुसता चुन्याचा पापुद्रा.

"चिठ्ठी आली म्हणे," ते म्हणाले.

"आली."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता."

"कधीपासून चाललंय हे?"

"वर्ष झालं."

"आणि घरच्यांचं काय?"

"त्यांच्यासाठी किती दिवस मन मारू? मला पाहिजे म्हणून मागवली."

मग बॅगेची चेन ओढल्याचा आवाज.

मला वाईट वाटलं, रूपाली. पण त्याच्या आधी क्षणभर बरं वाटलं, की बघा, झुंबर खोटं बोलली नव्हती. हे लिहायला लाज वाटते. पण खरं लिहायचं ठरवलंय तर अर्धंच कशाला.

झुंबरकाकू


सालवड, ४ फेब्रुवारी

(घडीच्या बाहेरच लिहिते: रूपाली, आधीची दोन उघडली नाहीस असं आज कळलं. ती राहू देत. ही वाच. दिग्विजयनं तुला टाकलेलं नाही.)

रूपाली,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

आज दुपारी हिरूबाय माझ्या पायरीवर टेकली. तीस वर्षांत पहिल्यांदा. पाटी तिनं आपण होऊन लांब ठेवली, माझ्या माळेचा मान राखून. मी चहा दिला. उत्तर आलं का, म्हणून विचारलं तर म्हणाली की तू दोन्ही पत्रं डब्यात ठेवलीत, उघडलीच नाहीत. मग कप खाली ठेवून म्हणाली, "रडते गं. म्हनते, सोड्यापायी नवऱ्यानं टाकली."

मी म्हटलं, कसल्या सोड्यापायी? मला वाटलं खायचा सोडा. मग वाटलं धुण्याचा. सोड्यापायी कोण बायको टाकतं? हिरूबाय माझ्याकडे बघतच राहिली. उठली, पाटीवरचं ओलं फडकं बाजूला केलं, एका पुडीतून मूठभर काहीतरी काढलं आणि माझ्यासमोर धरलं. केशरी, वाकडे, तान्ह्या बाळाच्या करंगळीएवढे.

"ये सोडं. कोलंबी सोलून वालवली का सोडं होतात. तुला नाय ठावं?"

मला नाही ठावं. समुद्रापासून आठ-दहा किलोमीटरवर जन्म गेला आणि मला नाही ठावं. आमच्या पाथर्डीकडं वाळलेलं ते सगळं सुकट, आणि माळकऱ्याच्या घरात तेही नाव काढत नाहीत.

मग मी विचारलं, चिठ्ठी कसली होती. ती म्हणाली की तू तिच्याकडून वर्षभर मासळी घेत होतीस, सासरी माळ म्हणून मागच्या दारानं, आमच्या सगळ्यांच्या दुपारच्या झोपेत. सोडे कसे करायचे ते तुला येत नव्हतं, म्हणून तिच्या सुनेनं, तेजलनं, कागदावर लिहून दिलं. "सोड्याची चिट्टी," हिरूबाय म्हणाली. "मीच तं वरडून तुला सांगितलं, तिची सोड्याची चिट्टी आनलीय."

मी तिला ते चार वेळा म्हणायला लावलं. सावकाश. मग भरभर. मग पाटी डोक्यावर घेऊन, नळाकडे तोंड करून. चौथ्या वेळी मला पुन्हा सोडचिठ्ठीच ऐकू आलं. कुकरसुद्धा नव्हता लावलेला. पेशवाईत कुणी 'ध'चा 'मा' केला तो निदान ठरवून केला. मी नुसता कान देऊन बसले होते, आणि तेवढ्यानं तुझा संसार बुडवला.

ती गेल्यावर मी भिंतीला टेकून बसले आणि ते सगळं बोलणं पुन्हा ऐकलं. ते विचारत होते सोडचिठ्ठीचं, तू सांगत होतीस सोड्यांचं. वर्ष झालं, असं तू म्हणालीस ते मासळीचं. घरच्यांसाठी मन किती मारू, तेही मासळीचंच. त्यांना वाटलं तू वर्षभर त्यांना सोडायचं मनात धरून होतीस. तुला वाटलं ताटातल्या चार घासांपायी हा माणूस बॅग उचलून निघाला. दोघंही खरंच बोललात, एकाच खोलीत, हातभर अंतरावर, आणि मध्ये मी होते.

गावाकडून दिग्विजयरावांना भावाचा फोन गेला होता, की तुझी बायको सोडचिठ्ठी घेतेय, सगळ्या चाळीला ठाऊक आहे. ज्याच्याविषयी बोलतात त्याच्या कानावर सगळ्यात शेवटी जातं. तुझ्या कानावर तर गेलंच नाही. आज मी सांगतेय.

तू माझ्यावर रागावलीस ते तुझ्या सोड्यांची चहाडी केली असं समजून. ती मी केली नाही. मी त्याहून वाईट केलं. मला माफ कर असंही लिहिवत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि त्या जिभेला मी आयुष्यभर हुशारी म्हणत आले.

झुंबरकाकू


सालवड, १३ फेब्रुवारी

रूपाली,

तू तिन्ही वाचलीस. हिरूबाय म्हणाली, तिसरं उभ्याउभ्या वाचलंस, मग डबा उघडून पहिली दोन काढलीस, मग हसलीस, मग रडलीस. तुझा निरोपही तिनं सांगितला. "म्हनते, ज्यानं सांगितलं त्यानंच जाऊन सांगावं. मी नाय सांगनार, मला सोडायचं न्हवतं म्हनून."

बरोबर आहे तुझं. तू कशाला फोन करावास? त्यानं एकदा धड विचारलं असतं तर. तू एकदा धड सांगितलं असतंस तर. पण हे मी कोण म्हणणार.

मी दिग्विजयरावांना फोन लावला. उचलत नाहीत. कैलासच्या आईकडून गावाकडचा कानोसा घेतला, तर दिग्विजयराव तिकडंही कुणाशी बोलत नाहीत. खोलीमालक म्हणाला, पंचवीस तारखेला टेम्पो घेऊन येतायत, सामान काढून खोली देऊन टाकणार. म्हणजे मला बारा दिवस आहेत. एकदा खोली सुटली की तुमचं दोघांचं असं काहीच उरणार नाही, ज्याच्या दारात मी उभी राहून सांगू शकेन.

काय सांगायचं तेही कळेना. सगळ्यांसमोर स्वतःला खोटं पाडून घ्यायचं तर चिठ्ठी कसली होती ते सांगावं लागेल. ते सांगितलं तर तुझे सोडे आठवडाभरात तुझ्या सासूच्या चुलीपर्यंत. एक चहाडी पुसायला दुसरी. मी दोन दिवस जेवले नाही. हे ताट झाकून ठेवत राहिले.

काल हिरूबायसोबत मी तिच्या गावी, समुद्रकाठच्या नवापूरला गेले. का गेले विचारू नकोस. ती चिठ्ठी जिथं लिहिली गेली ते घर बघावंसं वाटलं. पाम गावाच्या बाजूच्या ताडांवर मडकी लटकलेली, रिक्षात ऊन येत होतं, आणि मला सारखी झापड येत होती. उतरले तर समोर पाणी नाहीच. ओहोटी लागलेली. समुद्र इतका आत गेला होता की नुसती एक पांढरी रेघ, आणि अलीकडे ओली वाळू, तिच्यात सगळं आभाळ उतरलेलं. दोन माणसं त्या आभाळातून चालत येत होती. मला वाटलं मी अजून रिक्षातच झोपलेय.

सुरूच्या सावलीत बायका कोलंबी सोलत होत्या. बोलत होत्या, हसत होत्या, पण हात थांबत नव्हते. त्यांच्यात बसले. मला वास येत होता, मग येईनासा झाला. तेजल तिशीची आहे, तुझ्याएवढीच, गोरेली, बोलकी. मी विचारलं, चिठ्ठीत काय लिहिलं होतंस? तिला तोंडपाठ होतं. सोडे कोमट पाण्यात भिजवायचे, पाठीतला काळा दोरा काढायचा, कांदा लाल करायचा, वांग्याच्या फोडी, चिंच, मीठ चाखून. आणि शेवटी एक ओळ. "घाबरू नको, वास जातो."

तिथं बसून मला रडू आलं. एका बाईनं दुसरीला इतकं प्रेमानं लिहिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याची मी काय चिठ्ठी करून टाकली.

परतताना हिरूबायनं तू कुठं राहतेस ते मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. गल्ली, घरमालकिणीचं नाव, खालच्या झेरॉक्सच्या दुकानात तू कामाला बसतेस ते, सगळं. माझ्यावर तिनं विश्वास टाकला की परीक्षा पाहिली, ते तिलाच माहीत.

झुंबरकाकू


सालवड, २७ फेब्रुवारी

रूपाली,

परवा दिग्विजयराव आले. वाळलेत. दाढी वाढलेली. टेम्पोवाला रस्त्यावर हॉर्न वाजवत होता आणि ते कुलपात किल्ली घालत होते. नळाला पाणी आलेलं, म्हणजे सगळी चाळ हंडे घेऊन बाहेर. मी पदर खोचला आणि मधोमध जाऊन उभी राहिले.

म्हटलं, सगळ्यांनी ऐका. रूपालीला सोडचिठ्ठी कधी आली नव्हती. ती मी उठवलेली वावडी होती. मी खोटं बोलले.

नळ वाहत राहिला, कुणी बंद करेना. कैलासची आई म्हणाली, "पण चिठ्ठी आली होती ना? तुम्हीच तर म्हणालात, तिनं कबूल केलं म्हणून."

मी म्हटलं, ते पण मीच रचलं.

"मग ती गेली कशाला?"

"मला ठाऊक नाही."

रूपाली, हे तीन शब्द मी आयुष्यात त्या नळावर कधी उच्चारले नव्हते. सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की माझ्या अंगात काहीतरी शिरलंय. कुणीतरी थुंकल्यासारखं केलं. कुणीतरी म्हणालं, असल्या बाईच्या गळ्यात माळ शोभते का. मी ऐकून घेतलं. खोटारडी तर खोटारडी. निदान त्यात तुझं नाव नव्हतं.

मग मी दिग्विजयरावांना तुमच्या खोलीत नेलं, दार लोटलं, आणि खरं काय ते सांगितलं. हळू आवाजात, भिंतीकडे पाठ करून. सोडे, तेजलची चिठ्ठी, हिरूबायचं ओरडणं, माझा कान. शेवटपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं आता चिडतील, हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं.

"वर्षभर खात होती? माझ्या चोरून?" ते म्हणाले.

मी म्हटलं, होय, तुमच्या घरात माळ म्हणून.

ते खाली बसले. गुंडाळून ठेवलेल्या गादीवर. मग म्हणाले, "काकू, मी दहेजच्या मेसमध्ये रोज मासे खातो. तीन वर्षं झाली. घरी यायच्या आदल्या दिवशी खात नाही, तिला वास येईल म्हणून."

दोघं एकमेकांना लपवून एकच गोष्ट खात होतात. मग हा एवढा मोठा माणूस गादीत तोंड खुपसून रडला आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला. शेवटी ह्यांनी रस्त्यावर जाऊन त्याला परत पाठवला.

चहा घेतल्यावर ते म्हणाले, "मी तिला नुसतं 'कसली चिठ्ठी' एवढं विचारलं असतं तरी झालं असतं." मी म्हटलं, ते माझ्याही मनात येतं, पण ते तुम्ही तिच्यापाशी बोला. तर म्हणाले, "कुठं आहे ती? तुम्हाला ठाऊक आहे ना, काकू?"

जिभेच्या टोकावर आलं होतं. गल्ली, घरमालकीण, झेरॉक्सचं दुकान. पहिल्यांदा माझ्याजवळची बातमी कुणाला खरोखरच हवी होती. आणि मी म्हटलं, नाही. मला ठाऊक नाही.

त्यांना ते खोटं वाटलं असणार. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. रविवारपर्यंत खोलीत थांबणार आहेत, सोमवारी कामावर हजर व्हायचंय. तुला त्यांनी शोधावं असं वाटतं की नाही, हे मी ठरवणार नाही. आजवर मी फार ठरवलं. तू हो म्हणालीस तर पत्ता देईन. नाही म्हणालीस तर तो माझ्याबरोबर जाईल.

झुंबरकाकू


सालवड, ७ मार्च

रूपाली,

शनिवारी हिरूबायनं तुझा कागद दिला. दोन ओळी. "त्यांना पत्ता द्या. तुम्ही येऊ नका."

मी लगेच दिला. कागद दाखवला नाही, नुसता पत्ता तोंडी सांगितला आणि त्यांनी तो हातावर लिहून घेतला. रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले. दारात मला म्हणाले, "काकू, चला की बरोबर. तुम्ही असलात तर मला बोलता येईल." मी म्हटलं, गुडघा दुखतोय. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतर खोलीला कुलूप आहे. ते सोमवारी कामावर गेले का, ठाऊक नाही. तुम्ही दोघं काय बोललात, हसलात की भांडलात, तू त्यांना आत घेतलंस की दारातून परत पाठवलंस, मला खरंच ठाऊक नाही. काल हिरूबाय आली. मी तोंड उघडलं होतं. तिनंही पाटी उतरवून वाट पाहिली. मग मी तिला चहा दिला आणि तिच्या तेजलचं कसं चाललंय ते विचारलं. ती गेल्यावर दुपारभर भिंतीला टेकून बसले होते. पलीकडे काहीच आवाज नव्हता. डोळा लागला तर पुन्हा चाळ पाण्यावर, पण या वेळी तुझी खोली मधूनच सुटून वेगळी झाली होती आणि आपली आपण लांब जात होती, दाराला आतून पडदा लावून. मी काठावर उभी होते. हाक मारली नाही.

नळावर रोज विचारतात. दिग्विजय कुठं गेला? रूपाली येणार का? मी म्हणते, मला ठाऊक नाही. पहिले दोन दिवस त्यांना वाटलं मी भाव खातेय. आता कैलासच्या आईनं निकाल लावलाय की झुंबरकाकूंना विसरायचा आजार जडला. काल तिनं माझा हात धरून मोठ्यानं विचारलं, "काकू, मी कोण, ओळखलं का?" बाकीच्या तोंडाला पदर लावून बघत होत्या. ह्यांना विचारलं तर हे गंभीर तोंड करून म्हणाले, "हो, फारच विसरते अलीकडं." संध्याकाळपर्यंत ते पार शेवटच्या खोलीपर्यंत पोचलं. माझी हंडा भरायची पाळीही आता त्या मला हाताला धरून दाखवतात.

बोलू देत. मी कुणाला खोडून काढत नाही.

हे शेवटचं पत्र. हिरूबायला मी आता त्रास देणार नाही. तू काही कळवायची गरज नाही, आणि मी कुणाला विचारणार नाही. पालघरला माझी भाची राहते, तिच्याकडे जायचं झालं तरी तुझ्या गल्लीवरून जाणार नाही. तुम्ही येऊ नका, असं तू लिहिलंस. चाळ काही म्हणो, ते मी विसरणार नाही.

झुंबरकाकू